चोवीस काळी पानं

९ जानेवारी

वाचनालयाचं पत्र आलं. काम आपल्याला मिळालं.

त्यांच्या मोठ्या दालनावर काचेचं छत आहे. दुपारी ऊन थेट पुस्तकांवर आणि वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत उतरतं. त्या छताखाली सावली धरणारं काहीतरी टांगायचं, पण छत तोलून धरणाऱ्या लोखंडी कैच्या फार जुन्या. त्यांच्यावर एकूण नव्वद किलोपेक्षा जास्त भार नको, अशी अट. नव्वद किलो म्हणजे एक बऱ्यापैकी जाड माणूस. तेवढ्यात अख्ख्या दालनावर सावली.

मी चोवीस पानं काढली आहेत. झाडाच्या पानासारखीच, पण अडीच मीटर लांब. मधे पातळ फोम, दोन्ही अंगांनी कार्बन फायबरच्या काळ्या कापडाचा थर. एका पानाचं वजन तीन किलोच्या आत. तारांवर टांगली की वाऱ्याने जरा हलावीत, एवढी हलकी.

ताईला सांगायला धावत वर्कशॉपमध्ये गेले. ती पाठमोरी, साच्याला मेण लावत होती. दोनदा सांगितलं. तिने मानसुद्धा वर केली नाही. शेवटी बाबांच्या वेळेपासून इथे काम करणाऱ्या मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बोट केलं. तेव्हा वळली. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"बरं झालं," म्हणाली, आणि परत मेण लावायला लागली.

एवढंच. बरं झालं.

१० जानेवारी

कालचं मनाला लागलं, म्हणून लिहून टाकते.

वर्कशॉप बाबांची. फायबरच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, क्वचित एखादी होडी. ताई शाळा संपल्यापासून त्यांच्या हाताखाली. मी शिकायला परगावी गेले ती तिथेच अकरा वर्षं राहिले, मोठ्या ऑफिसात नकाशे काढत. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. ताईचा सोमवारी फोन आला होता, "ये. बाबांचं बरं नाही." मंगळवारी माझं एक महत्त्वाचं सादरीकरण होतं. बुधवारी आले तर चालेल का, असं मी विचारत होते, तेवढ्यात तिने फोन ठेवला. मी बुधवारी आले. बाबा मंगळवारी संध्याकाळी गेले होते.

त्यावर ताई आजवर एक शब्द बोललेली नाही. मी सगळं सोडून परत आले, वर्कशॉपमध्ये कार्बनचं काम आणलं, तिला विचारूनच आणलं. ती सगळं करते. फक्त माझ्याशी मोजून मापून बोलते. भांडली असती तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी

पहिलं पान साच्यातून निघालं. कागदावर हजार वेळा काढलेली रेघ हातात आल्यावर वेगळीच वाटते.

काम असं चालतं. साच्यात कोरडं कापड, फोम, परत कापड. वरून प्लास्टिकची पिशवी, कडेने चिकटपट्टी. मग पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे पिशवी कापडाला घट्ट बिलगते. मग नळीतून रेझिन, म्हणजे थर चिकटवणारं द्रव, आत सोडायचं. काळ्या कापडात ते पुढे सरकताना धड दिसतही नाही. कुठे सुईच्या टोकाएवढी गळती राहिली तर हवा आत शिरते, आणि तिथे थर फोमला चिकटत नाही. वरून पान चकचकीत दिसतं, आत पोकळ.

गळती शोधायची ती कानाने, बारीक शीळ वाजते. ताई पूर्वी डोळे मिटून कडेकडेने फिरायची. हल्ली मामा कान लावून पुढे चालतात आणि बोटाने दाखवतात, ताई मागून अंगठ्याने दाबत जाते. कामाची ही नवी वाटणी कधी झाली कोण जाणे.

शेवटी तपासणी. बाबांचं जाड, बाजारात न चालणारं नाणं घेऊन पानावर इंचाइंचाने वाजवायचं. नीट चिकटलेलं असेल तर 'टण', पोकळ असेल तर आवाज बसका येतो. मला तो फरक कधीच कळला नाही. बाबा म्हणायचे, धाकटीला डोळा आहे, मोठीला कान. शेवटचे आठ महिने ते अंथरुणावर होते, घसा गेला होता, तेव्हा याच नाण्याने खाटेची लोखंडी पट्टी वाजवून ताईला बोलवायचे.

ताईने डाव्या हाताचा तळवा पानाखाली ठेवून उजव्या हाताने वाजवलं. बराच वेळ. मग खडूने खूण केली. पास.

११ फेब्रुवारी

रेडिओ बंद असतो हल्ली. बाबांच्या वेळी तो दिवसभर कोकलायचा. मामांना विचारलं तर म्हणाले, "बिघडलाय." दुरुस्तीला टाकावा म्हणून घरी आणला. लावला तर ठणठणीत चालतोय.

परत नेऊन ठेवला. माझ्यासमोर गाणंही ऐकायचं नसेल तिला.

१९ फेब्रुवारी

नऊ पानं झाली. कडा घासताना काळी पूड उडते, मास्क लावूनही कानाच्या मागे जाऊन बसते. मामा म्हणाले, "बायको दारातच उभं करते. म्हणते, कोळसेवाल्या, आम्हाला नकोय आज."

मी हसले, ताई नाही. तिने नुसतं मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जरा उशिरा हसली.

दुपारी तिच्याशी वाजलंच. तारांच्या मापाबद्दल सांगत होते, नकाशा बघत. ती म्हणाली, "तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? माणसाकडे बघून बोलावं."

"तू कधी बघतेस माझ्याकडे?"

"सारखी बघत असते," ती म्हणाली. "तूच नकाशात असतेस."

मामांनी दिवा दोनदा चालू-बंद केला. जेवायची वेळ झाली की ते असंच करतात. हाक मारायला काय होतं त्यांना?

३ मार्च

आज केलं. दोन वर्षं जमलं नाही ते आज केलं.

मामा नव्हते, त्यांच्या बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन. आम्ही दोघीच. सतराव्या पानाची पिशवी लावून झाली होती, पंप घरघरत होता. ताई माझ्याकडे पाठ करून कडेची चिकटपट्टी दाबत होती. तोंडाकडे बघून मला जमलं नसतं. पाठीशी बोलणं सोपं जातं.

मी म्हटलं, ताई, माझं चुकलं. मी मंगळवारीच यायला हवं होतं. सादरीकरण कुणीही केलं असतं. मला वाटलं होतं बाबा थांबतील. आठ महिने सगळं तू एकटीने काढलंस, आणि मला एक दिवस काढता आला नाही. तू मला बोल, शिव्या दे, पण असं गप्प राहू नकोस.

हे सगळं एका दमात बोलले. मग थांबले.

तिचा अंगठा चिकटपट्टीवरून सरकत राहिला. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मग मान न वळवता तिने हात मागे केला.

"सुरी दे," म्हणाली.

मी दिली.

४ मार्च

तिला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. तेच उत्तर होतं.

१५ मार्च

चोवीस पूर्ण. सगळ्यांवर ताईची खडूची खूण. भिंतीला ओळीने उभी केली आहेत, काळ्या मिश्या असलेल्या पाहुण्यांसारखी. ही उपमा मामांची.

मला आनंद व्हायला हवा. मी परगावच्या ऑफिसला एक पत्र लिहून ठेवलंय, तिथे परत जागा आहे का विचारणारं. अजून टाकलं नाही. दालन उघडलं की टाकीन. एकाच छताखाली रोज अनोळखी माणसासारखं वावरायचं, हे मला आता झेपत नाही.

२२ मार्च

झालं ते लिहून ठेवते.

आज वाचनालयातर्फे इंजिनिअर बाई आल्या, एका पानावर भार टाकून बघायला. कुठलंही एक निवडते म्हणाल्या, आणि सतरावं निवडलं. दोन लाकडी घोड्यांवर पान आडवं ठेवलं, मधे वाळूच्या पिशव्या एकेक करून ठेवत गेलो. पान किती वाकतं ते मोजायची पट्टी खाली लावलेली. ती वाचायला ताई वाकून पानाखाली बसली होती. आकडे सांगत होती.

पाचवी पिशवी ठेवली आणि आवाज आला. बारीक, टिक्, टिक्, वाळलेली काडी मोडावी तसा. इंजिनिअर बाई चटकन मागे झाल्या. "बाजूला व्हा सगळे." मीही मागे सरले. टिकटिक वाढली. ताई तिथेच. पट्टीला डोळा लावून, शांतपणे, "अजून दोन मिलीमीटर."

मी ओरडले, "ताई, नीघ." ती हलली नाही. मामांनी उडी मारून तिला दंडाला धरून ओढलं, तेवढ्यात पान मोडलं. खालचा थर फोमपासून अख्खा सोलून निघाला. त्याची धार तिच्या हातावरून गेली. नऊ टाके पडले.

इंजिनिअर बाईंनी तुकडा उचलून बघितला. ताटाएवढी जागा चिकटलेलीच नव्हती. त्यावर खडूची खूण होती.

"हे तपासलं कुणी?" त्यांनी विचारलं.

२३ मार्च

झोप नाही. माझ्या मनात सारखं तेच. टिकटिक सगळ्यांनी ऐकली. मी ओरडले तेही ऐकलं असणार. तरी ती बसून राहिली. स्वतःच्या खुणेवर एवढा भरवसा? की माझं ऐकायचं नाही म्हणजे नाही, मग वरून छत कोसळलं तरी बेहत्तर? एवढा राग धरून माणूस जगतं कसं?

२५ मार्च

पट्टी बदलायला तिला घेऊन दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी बसलो होतो. मी औषधांचा कागद वाचत होते. आतल्या दारातून नर्सने पुकारलं. परत पुकारलं. तिसऱ्यांदा मीच मान वर केली. ताई समोरच्या भिंतीवरचं डोळ्यांचं चित्र बघत बसलेली.

नर्स बाहेर आली, तिच्या खांद्याला हात लावला आणि सहज, चुकून पाणी सांडलं तर विचारतात तशा सुरात विचारलं, "बाई, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

ताईने तिच्या ओठांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली.

परक्या बाईला एका मिनिटात कळलं. मला दोन वर्षं लागली, आणि तरी मला कळलं नाहीच, दाखवावं लागलं.

संध्याकाळी, त्याच दिवशी

स्वयंपाकघरात तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. तोंडाकडे बघून विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. आधी शीळ ऐकू येईना. मग फोन. आता समोरून बोललं तर कळतं. पंप चालू असला की काहीच नाही."

"मशीन मिळतं ना कानाचं?"

"आहे की. ड्रॉवरमध्ये. लावलं की पंप डोक्यात शिरतो आणि नाण्याचा आवाज येतच नाही. मग काय उपयोग?"

"मग पानं कशी पास करत होतीस?"

तिने डावा तळवा पुढे केला. "हाताला कळतं. बहुतेक वेळा." मग तळवा मागे घेत, "मामा असले की ते मान हलवायचे. सतराव्याला ते नव्हते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डोळा घेऊन आलीस, नकाशे घेऊन आलीस. कानही गेला म्हटल्यावर माझं काय उरलं इथे?"

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने कमरेचा बटवा सोडला, नाणं काढलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. झटकल्यासारखं. "हे आता तुझ्याकडे ठेव. मला नको."

२६ मार्च

आज सकाळी दात घासताना डोक्यात आलं. तीन मार्च. पंप चालू होता. माझ्याकडे पाठ होती.

तिने ते ऐकलंच नाही.

खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. तिने नाकारलं नव्हतं. आणि पाठोपाठ दुसरं लक्षात आलं. म्हणजे ते अजून सांगायचं बाकीच आहे. आणि आता समोरून, तोंडाकडे बघून.

परगावचं पत्र फाडलं.

१ एप्रिल

इंजिनिअर बाईंना अहवाल द्यायचा होता. 'तपासणीत त्रुटी राहिली' एवढंच मी लिहिलं होतं. ताईने कागद ओढून घेतला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तपासणी मी केली. मला ऐकू येत नाही.' सही केली.

इंजिनिअर बाईंनी ते दोनदा वाचलं. मग ताईच्या समोर येऊन, सावकाश म्हणाल्या, "सगळी पानं पुन्हा तपासा. मी स्वतः येऊन बघेन." ताईने मान हलवली. मामांनी उगाच झाडू हातात घेतला आणि स्वच्छ जमीन परत झाडली.

१८ एप्रिल

मी वाजवायला शिकतेय. ताई शिकवते. तिला ऐकू येत नाही आणि मला कळत नाही, अशी ही शाळा.

सतराव्याचा मोडका तुकडा तिने मुद्दाम ठेवलाय. "इथे वाजव. आता इथे." मला दोन्ही सारखंच. "कान देऊ नकोस नुसता," ती म्हणते, "वाट बघ. चांगला आवाज लगेच परत येतो. पोकळातला आत जातो आणि तिथेच राहतो."

तिने मला सांगितलेले आवाज तिने शेवटचे कधी ऐकले असतील? हे विचारायचं धाडस झालं नाही.

दुसरंही काही विचारायचं, सांगायचं धाडस झालेलं नाही. रोज समोर बसते, रोज ओठांपर्यंत येतं. ती ओठांकडेच बघत असते, म्हणून जास्त भीती वाटते.

२९ एप्रिल

आज फरक कळला. एकदम. 'टण' आणि मग तीन बोटं पुढे, जड, बसका, उत्तर न देणारा आवाज. मी थांबून परत वाजवलं. ताईने माझा चेहरा बघितला.

"सापडलं?"

सापडलं. सहाव्या पानात, टोकाशी. पुढच्या आठवड्यात आणखी दोन निघतील असं मामा म्हणतात. ते नसताना ताईने एकटीने कुठली तपासली, हे त्यांना माहीत असावं.

२० मे

सतरावं, सहावं आणि नंतर निघालेली दोन, अशी चारही पानं नव्याने केली. गळतीला मी कान लावून चालले, ताईचा अंगठा माझ्या बोटामागून. तिच्या हातावर टाक्यांच्या जागी गुलाबी रेघ उरली आहे, आणि कातडीखाली कार्बनचं एक काळं कुसळ राहिलंय, डॉक्टर म्हणाले राहू दे.

इंजिनिअर बाई येऊन बघून गेल्या. चोवीसही बरोबर.

६ जून

पानं चढली. चार दिवस लागले. मामा शिडीवरून खाली उतरले आणि म्हणाले, "मोठी, बघ, तुझी सावली पडली." ती त्यांच्याकडे बघत होती, म्हणून तिला कळलं. ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली.

१४ जून

दालन आज उघडलं. लोक आले, एकदा वर बघितलं, आणि पुस्तकं उघडून बसले. ऊन पानांमधल्या फटींतून झिरपत खाली येत होतं, कुणी डोळे बारीक करत नव्हतं. मामा कुजबुजले, "एवढं टांगलंय वर आणि सगळे खालीच बघतायत." ग्रंथपालांनी ते ऐकलं आणि खूश होऊन मान डोलावली.

मामा निघून गेले. ताई आणि मी मागच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. भिंतीवर पाटी होती, इथे बोलू नये. सगळं दालन गप्प. मी ताईच्या हातावर बोट टेकवलं. तिने वर बघितलं. मग मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, सावकाश सांगितलं.

माझं चुकलं. मी मंगळवारी यायला हवं होतं.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मला वाटलं कळलं नाही. परत सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून थांबवलं.

आणि ती बोलली. आपला आवाज किती मोठा निघतोय हे तिला कळत नाही.

"तू परगावी होतीस. मी शेजारच्या खोलीत होते."

आजूबाजूची डोकी वर झाली. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होती.

"चहा करत होते. आत गेले तर नाणं खाटेखाली पडलेलं होतं." तिचा तळवा टेबलावर पालथा होता, नाणं वाजवताना पानाला लावायची तसा. "किती वेळ वाजवलं असेल गं त्यांनी?"

दोन वर्षं मी तिच्या गप्प राहण्यात स्वतःलाच बघत होते.

दाराशी बसणारा शिपाई टेबलापाशी आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. ते ताईला लगेच कळलं. तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि तोंड मिटलं.

मी तिच्या तळव्याखाली माझा हात सरकवला. तसेच बसून राहिलो, वाचनालय बंद व्हायची वेळ होईपर्यंत. वर चोवीस पानं होती. एकेक मी वाजवून बघितलंय. त्यातलं एकही पोकळ नाही.